बार्शीचे दप्तर

१९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एक नवे दप्तर उघडले गेले. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील तीनशेहून अधिक खेड्यांत कोणाला कर्करोग झाला, शरीराच्या कोणत्या भागास झाला, तो ओळखला गेला तेव्हा किती पुढे गेलेला होता आणि त्या माणसाचे पुढे काय झाले, एवढ्या चार गोष्टी त्यात लिहावयाच्या होत्या. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या मार्गदर्शनाखाली आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात सुरू झालेली ही नोंदणी भारताच्या ग्रामीण भागातील पहिलीच होय. कर्करोगाचे निदान लवकर कसे व्हावे, या प्रश्नाचा विचार करू लागले की आज मन प्रथम प्रयोगशाळेकडे, रक्ताच्या थेंबावरून रोग सांगू पाहणाऱ्या चाचण्यांकडे आणि कोट्यवधी रुपयांच्या यंत्रांकडे धावते. परंतु या प्रश्नाचे महाराष्ट्राला मिळालेले सर्वांत बोलके उत्तर या दप्तरात आहे, आणि ते मराठी वाचकाच्या फारसे कानी आलेले नाही, याची मला खंत वाटते.

शहरातील नोंदणीकाराच्या हाताशी रुग्णालयांचे केसपेपर, प्रयोगशाळांचे अहवाल आणि नगरपालिकेचे मृत्यूचे दाखले असतात. ते ताडून पाहिले की हिशेब बहुतांशी पुरा होतो. बार्शीच्या खेड्यांत यांपैकी काहीच पुरेसे हाती लागण्यासारखे नव्हते, कारण रोग झालेल्यांपैकी पुष्कळ जण कोणत्याही रुग्णालयाची पायरी न चढता घरीच अंथरुणाला खिळत आणि घरीच जात. यास्तव कार्यकर्त्यांना गावोगाव हिंडावे लागले. ठरलेल्या मुदतीने गावी जावे, चार माणसांना एकत्र बसवून रोगाची लक्षणे समजावून द्यावीत आणि ज्याच्याविषयी संशय वाटेल त्याला बार्शीस येऊन तपासून घेण्याचा आग्रह धरावा, असा हा क्रम होता. हेतू एवढाच, की नोंद चुकू नये.

पुढे डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमलेले आकडे मांडले व १९९५ साली प्रसिद्ध केले, तेव्हा एक गोष्ट ध्यानी आली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या स्त्रियांपैकी पहिल्या दोन अवस्थांत, म्हणजे बरे होण्याची आशा भक्कम असताना, निदान झालेल्यांचे प्रमाण या गावांत काही वर्षांतच वाढले होते. नवे औषध आले नव्हते, नवे यंत्र बसले नव्हते. माहिती असलेला माणूस दाराशी येऊन विचारपूस करीत होता, आणि त्याने धाडलेल्या रुग्णाला तपासणारे डॉक्टर बार्शीत बसलेले होते. या दोन गोष्टी एकत्र आल्या एवढेच घडले होते, आणि लवकर निदानाच्या सगळ्या प्रश्नाचे मर्म मला तरी येथेच दिसते.

कारण रोग उशिरा कळतो याचा अर्थ नेमका काय, हे जवळून पाहिले पाहिजे. पाळी जाऊन चार वर्षे झालेल्या एखाद्या शेतकरी स्त्रीला पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागते. ही गोष्ट ती नवऱ्याला सांगत नाही, सुनेला सांगायला संकोचते. उष्णता झाली असेल म्हणून घरगुती उपाय करते, आणि असे दोन-तीन महिने जातात. मग बाजाराच्या दिवशी ती तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे जाते आणि तेथेही 'अंगावरून जाते' एवढेच सांगते. दवाखान्यात गर्दी असते, पडद्याआड तपासण्याजोगी जागा नसते, सोबतीला नर्स नसते. रक्तस्राव थांबविण्याच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि गोळ्यांनी काही दिवस उतारही पडतो. गर्भपिशवीच्या तोंडाकडे मात्र कोणी पाहिलेले नसते. स्तनातल्या गाठीची कथाही अशीच आहे. गाठ दुखत नाही म्हणून स्त्री निर्धास्त राहते, आणि वस्तुतः न दुखणारी गाठच अधिक संशयास्पद असते, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट तर अधिकच जिव्हारी लागणारी आहे, कारण हा अवयव पाहण्यासाठी उजेडाखेरीज काही लागत नाही. तंबाखू, गुटखा, सुपारी किंवा मिश्री यांची सवय असलेल्या माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूस पुसता न येणारा पांढरा चट्टा, त्याहून घातक असा लाल चट्टा, किंवा न भरणारी जखम दिसू लागते. 'तोंड आले आहे' असे म्हणून तो जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणतो. सुपारी चघळणाऱ्या तरुणाचे तोंड हळूहळू उघडेनासे होते, तिखट सोसवत नाही, आणि स्वतःचीच तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालू गेल्यास ती जात नाहीत. ही तीन बोटांची परीक्षा पानाच्या टपरीवर उभ्या उभ्यासुद्धा करता येईल. तोंडातील जी जखम तीन आठवड्यांत भरून येत नाही ती जाणत्या डॉक्टरला दाखविलीच पाहिजे, आणि गरज भासल्यास तिचा तुकडा काढून तपासलाच पाहिजे. तुकडा काढला किंवा सुई टोचली की रोग पसरतो हा आपल्याकडील समज निराधार आहे, आणि त्या समजाने किती घरांतील माणसे हिरावून नेली असतील याचा विचार मन विषण्ण करतो.

येथे पहिल्या डॉक्टरवर दोष ठेवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. गावातल्या डॉक्टरकडे वर्षभरात हजारो माणसे ताप, खोकला, पोटदुखी घेऊन येतात आणि त्यांत कर्करोगाचे रुग्ण मोजकेच असतात. त्या गर्दीतून नेमके ते निवडून काढणे हे वैद्यकातील अत्यंत कठीण कामांपैकी एक आहे. त्यासाठी कोणत्या लक्षणावर थांबायचे नाही याचे स्पष्ट नियम त्याच्यापाशी असावे लागतात, चिठ्ठी कोणाच्या नावे द्यायची हे त्याला ठाऊक असावे लागते, शंका विचारण्यासाठी कोणी ज्येष्ठ फोनवर असावा लागतो. आणि ज्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते हे, की पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय निघाले, हे त्या डॉक्टरला उलट कळविले गेले पाहिजे. नजर तयार होते ती अशा उलट आलेल्या चिठ्ठ्यांवर.

या तयार नजरेचे मोल किती, हे दाखविणारे दोन मोठे प्रयोग महाराष्ट्रातच झाले आहेत. पहिला तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीच्या रुग्णालयाने टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने १९९९ साली तो हाती घेतला. गावांचे ५२ गट पाडून तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची चार विभागांत वाटणी करण्यात आली. एका विभागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली. दुसऱ्यात पेशी काचपट्टीवर घेऊन तपासण्याची पॅप चाचणी. तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून केवळ डोळ्यांनी पाहण्याची पद्धत. आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या सुमारे चौतीस हजार स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले होते. नेहमीच्या सेवेवर राहिलेल्या सुमारे साडेएकतीस हजारांत ६४. पुढे गेलेल्या अवस्थेत सापडलेल्या रुग्णांची संख्या पहिल्या विभागात ३९ होती, शेवटच्यात ८२. पॅप चाचणी आणि डोळ्यांनी पाहणे या दोन्ही पद्धतींनी मात्र मृत्यू ठळकपणे घटलेले आढळले नाहीत.

हा निकाल वाचून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत कायमची मोडीत निघावयाची. परंतु दुसरा प्रयोग तोवर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून चालू होता आणि त्याने निराळी साक्ष दिली. तेथे तपासणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन टाटा स्मारक रुग्णालयाने या कामी नेमले होते. तपासणीची रीत साधी दिसते. प्रखर दिव्याच्या उजेडात गर्भपिशवीचे तोंड नजरेसमोर आणायचे, व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल पाण्यात सौम्य करून कापसाच्या बोळ्याने लावायचे आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबायचे. रोगाकडे झुकलेला भाग असेल तर तो पांढरा पडतो. अडचण पुढेच आहे, कारण साध्या दाहानेही फिकट पांढरेपणा येतो. चट्टा दाट आहे की विरळ, त्याची कड स्पष्ट आहे की पुसट, तो कोणत्या जागी आहे, हे ओळखणारी नजर पुस्तक वाचून येत नाही. आणि एकदा आलेली नजरही पुन्हा पुन्हा पारखली नाही तर मंदावते. मुंबईत या स्त्रियांचे निष्कर्ष तज्ज्ञांच्या निष्कर्षांशी ताडून पाहिले जात, आणि तपासणी एकदाच न करता दर दोन वर्षांनी अशी चार वेळा झाली. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ साली निकाल जाहीर केला, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू शेकडा ३१ ने घटलेले दिसले.

त्याच स्त्रिया हातांनी चाचपून स्तनांचीही तपासणी करीत होत्या. त्या भागाचा वीस वर्षांचा हिशेब डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली मांडला. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत निदान झालेल्यांचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटात शेकडा ४७ होते, ते तपासणी झालेल्या गटात ३७ वर आले. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतकी ठरली नाही. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत मात्र ती शेकडा तीसच्या जवळपास दिसली. मॅमोग्राफीचे यंत्र जेथे पोहोचू शकत नाही तेथे शिकलेले हात काय करू शकतात याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

या प्रयोगांविषयी एक गंभीर आक्षेप घेतला गेला, तो येथे सांगितलाच पाहिजे. तपासणीने जीव वाचतो असे इतरत्र दिसत असताना, एका विभागातील हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांच्या मृत्यूंची गणना करणे उचित होते काय, असा तो प्रश्न होता. त्या स्त्रियांना मिळत होती तीच देशातील त्या वेळची प्रचलित सेवा होती, असे संशोधकांचे उत्तर होते. हे उत्तर मला पुरतेपणी समाधानकारक वाटत नाही. परंतु त्या स्त्रियांच्या ऋणातून आपल्याला उतराई व्हावयाचे असेल, तर मिळालेल्या ज्ञानाची अंमलबजावणी प्रत्येक तालुक्यात झाली पाहिजे, आणि येथेच आपण कमी पडलो आहोत.

केंद्र सरकारने २०१६ साली तीस वर्षांवरील नागरिकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन ठिकाणच्या कर्करोगांच्या तपासणीची रूपरेषा आखून दिली. गावोगावच्या उपकेंद्रांपर्यंत ती सेवा न्यावी अशी तजवीज तीत आहे. तथापि २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या अवघ्या शेकडा १.९ आढळल्या, आणि स्तनांची तपासणी झालेल्या शेकडा ०.९. जागतिक आरोग्य संघटनेचे २०३० पर्यंतचे लक्ष्य गर्भाशयमुखासाठी शेकडा सत्तर आहे, तेही विषाणूच्या चाचणीसारख्या खात्रीच्या तपासणीने. ही दरी कागदावरच्या हुकुमाने भरून निघणार नाही. उपकेंद्रातील परिचारिकेला एका दिवसाचे शिबिर दाखवून परत पाठविले, तिच्या टेबलाला पडदा नाही, दिव्याला वीज नाही, आणि तिने चिठ्ठी देऊन पाठविलेल्या बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी कोणी ओळख देत नाही, अशा स्थितीत त्या परिचारिकेकडून मुंबईतल्या त्या स्त्रियांच्या कामाची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिला वर्षातून ठरावीक वेळा फेरशिक्षण मिळावे, तिचे निष्कर्ष तज्ज्ञाने तपासावेत, आणि विषाणूची चाचणी तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत यावी, ही मागणी जिल्हा परिषदेच्या सभेत रस्त्याच्या आणि पाण्याच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडली गेली पाहिजे.

वाचकाकडे माझे मागणे याहून पुष्कळ लहान आहे. आपल्या गावात, आपल्या वस्तीत आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती लिहून घेण्यासाठी एक छापील फॉर्म घेऊन फिरते. तोंड पुरते उघडता येते का, तोंडात न भरणारी जखम आहे का, स्तनात गाठ आहे का, पाळी गेल्यावर अंगावरून जाते का, असे प्रश्न त्यात असतात. ती दाराशी आली तर तिला ओट्यावरून परत पाठवू नका. तिला आत बोलवा, बसायला द्या, घरातील बायकांना तिच्याशी एकांतात बोलू द्या, आणि ती विचारील त्या प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर द्या.