दांड्याच्या रेचलची लेखिका

मागच्या वर्गात एका मुलीने विचारले, "बाई, आपल्या लोकांत कोणी कादंबऱ्या लिहिणारं नाही का?" आहेत तर! एस्थर डेव्हिड यांचे नाव वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल, मुलांनी आता ऐकावे.

एस्थरबाईंचा जन्म १९४५ सालचा, अहमदाबादचा. आपले लोक मूळचे कोकणातले. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, तेल गाळता गाळता आपण शनवार तेली झालो, ही गोष्ट तुम्हांला पाठ आहे. पुढे नोकरीसाठी काही घराणी गुजरातेत गेली. तिथे घराबाहेर गुजराती आली, पण घरातली मराठी आणि मलिदा राहिला. १९३४ साली अहमदाबादेत मागेन अब्राहम सिनेगॉग उभे राहिले. एस्थरबाईंचे वडील रूबेन डेव्हिड यांनी कांकरिया तलावाकाठी प्राणिसंग्रहालय उभारले आणि त्यांना पद्मश्री मिळाली. वाघ-माकडांच्या सहवासात वाढलेली ही मुलगी बडोद्यास शिल्पकला शिकली, मग कलेचा इतिहास शिकवू लागली आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'त चित्रप्रदर्शनांवर समीक्षा लिहू लागली. म्हणजे समीक्षक आधी, कादंबरीकार नंतर. पहिली कादंबरी 'द वॉल्ड सिटी' १९९७ साली आली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उशीर झाला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

'शालोम इंडिया हाउसिंग सोसायटी'त २००२ च्या गुजरात दंगलीनंतरची भीती आहे. सुंता झालेला माणूस दंगलखोरांना मुसलमानच वाटणार, म्हणून यहुदी कुटुंबे एका सोसायटीत एकत्र राहायला येतात. भीतीचे पुस्तक, पण वाचताना हसूही येते.

मला मात्र 'बुक ऑफ रेचल' अधिक जवळचे. याच पुस्तकासाठी त्यांना २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, इंग्रजी भाषेसाठी. रेचल कोकणात दांड्याला समुद्राकाठी एकटी राहते. मुले इस्राएलला गेली. गावातले सिनेगॉग ओस पडले आहे, पण ती ते झाडते, पुसते. ती जागा विकायचा घाट घातला जातो, तेव्हा ही म्हातारी पदर खोचून उभी राहते. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक पदार्थ कसा करायचा ते दिले आहे. काहींना हा प्रकार नखऱ्याचा वाटला. मला नाही वाटला. आपल्या बायकांनी इतिहास पोथीत कमी आणि पातेल्यात जास्त राखला आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. रेचल मनात मराठीत बोलत असणार, पण पुस्तकात ती इंग्रजीत बोलते. लेखिकेचा दोष नाही. शाळा ज्या भाषेत, लेखणी त्या भाषेत. माझी उलट गत झाली. मी मराठी शाळेतली, त्यामुळे हे पुस्तक पहिल्यांदा वाचताना शब्दकोश मांडीवर होता. इथे सेंगकांगमध्ये तुम्ही मुले ते झरझर वाचाल, पण 'मलिदा' शब्द आला की आजीकडे बघाल.

म्हणून पुढच्या वर्गात असे करू. मुलांनी पहिले प्रकरण इंग्रजीतून मोठ्याने वाचायचे आणि रेचलचे बोलणे आजी-आजोबांनी मराठीत सांगायचे, दांड्याची बाई बोलेल तसे, पुस्तकी नको. कोणी तरी ते वहीत उतरून घ्या. नारळ आणि पोहे मी आणते.