भात्याचा कॅमेरा आणि 'बाल्डा'

भाता म्हटले की आपल्या राहुरी परिसरातील मुलांच्या डोळ्यांपुढे लोहाराची भट्टी उभी राहते. कॅमेऱ्यालाही एके काळी भाता असे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. एका परिचितांच्या संग्रहातील असा जुना जर्मन कॅमेरा मला हाताळावयास मिळाला. मिटला की कोटाच्या खिशात मावणारा. कळ दाबून झाकण उघडले की भाता ताणला जातो आणि भिंग पुढे येऊन पक्के बसते. त्यावर नाव होते 'बाल्डा'.

मॅक्स बाल्डेवेग यांनी १९०८ साली ड्रेस्डेन येथे हा कारखाना काढला. मोठमोठ्या कॅमेरा-कंपन्यांच्या त्या शहरात लहान कारखान्याचा निभाव कसा लागला? भिंगे आणि शटर बाल्डा बाहेरून घेई; भिंग बहुधा श्नायडरचे, तर शटर म्युनिकच्या डेकेल कंपनीचे 'कॉम्पुर'. कारखान्याची स्वतःची कारागिरी होती ती पेटी, बिजागऱ्या आणि त्यांच्या जुळणीत. हे काम दुय्यम समजू नये. उघडल्यावर भिंग फिल्मला समांतर राहिले नाही, तर चित्राची एक बाजू पुसट येते. भात्याला टाचणीएवढे छिद्र पडले, तरी आत उजेड शिरून फिल्म बिघडते. म्हणून जुना कॅमेरा घेणाऱ्याने अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत विजेरी लावून पाहावे. ठिपका चमकेल तिथे छिद्र आहे असे समजावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ड्रेस्डेन सोव्हिएत अमलाखाली गेले. बाल्डेवेग पश्चिम जर्मनीत आले आणि ब्यूंडे या गावी त्यांनी नवा कारखाना उभारला. श्नायडर व डेकेल दोघेही पश्चिमेकडेच असल्याने भिंगे व शटर मिळणे शक्य होते. जुळणीचे ज्ञान तर त्यांच्यापाशी होतेच. १९५० नंतरच्या दशकात तेथून 'सुपर बाल्डाक्स', 'बाल्डिक्स' असे भात्याचे कॅमेरे बाहेर पडले. इकडे ड्रेस्डेनच्या जुन्या कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९५१ साली त्याला 'बेल्का' हे नाव मिळाले. म्हणजे इमारत आणि यंत्रे एकीकडे राहिली, नाव दुसरीकडे गेले!

मुळा धरणात जमीन गेलेल्या घरांतील विद्यार्थ्यांना याचा अर्थ फोडून सांगावयास नको. नव्या जागी पहिल्यापासून मांडामांड करताना जुन्या जागेतले फारच थोडे बरोबर येते. येते ते मुख्यतः हातातले कसब. बाल्डेवेगांनी त्याच कसबावर दुसरा कारखाना चालवला. म्हणून घरातल्या जुन्या पेटीत असा कॅमेरा सापडला, तर तो भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून अवश्य पाहावा.