मुलांनी सुरू केलेली शर्यत

आमच्या रत्नागिरीत सपाट रस्ता विरळाच. वर कातळाचा सडा, खाली समुद्र आणि मध्ये चढउतार. शाळा सुटली, की येथील मुले सायकली घेऊन तांबड्या मातीच्या उतारावरून धावत सुटतात. आधी कोण पोचतो, एवढाच काय तो प्रश्न! तेथे पंच नसतो आणि नियमही नसतात. म्हणूनच ही शर्यत पुष्कळदा ‘तू आधी निघालास’ या भांडणाने संपते.

मुलांनो, अशाच एका खेळाला नियमांची जोड मिळाली आणि तो थेट ऑलिंपिक सामन्यांपर्यंत जाऊन पोचला. त्या खेळाचे नाव बायसिकल मोटोक्रॉस. त्यालाच थोडक्यात ‘बीएमएक्स’ असे म्हणतात.

सायकलींच्या शर्यती आपल्याला नव्या नाहीत. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढून जाणाऱ्या स्पर्धकास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवितात. परंतु ती शर्यत लांब पल्ल्याची आणि मोठ्यांची. बीएमएक्सचा जन्म मात्र मुलांच्या खेळातून झाला, आणि तोही दूर अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात.

१९६३ साली अमेरिकेतील श्विन कंपनीने ‘स्टिंग-रे’ नावाची सायकल बाजारात आणली. तिची चाके अवघी २० इंच व्यासाची होती, हँडल उंच होते आणि सीट लांबट होती. ही बुटकी सायकल चटकन वळत असे, त्यामुळे ती मुलांना फार आवडली. त्या काळी दक्षिण कॅलिफोर्नियात खाचखळग्यांच्या मातीच्या वाटेवरून मोटारसायकली पळविण्याच्या शर्यती लोकप्रिय होत्या. मोटारसायकल मुलांच्या आवाक्याबाहेरची; तेव्हा त्यांनी सायकलीवरच त्या शर्यतींची नक्कल आरंभली. १९६९ साली लॉस एंजेलिस येथील पाम्स पार्क या उद्यानात रॉन मॅकलर नावाच्या तरुण सेवकाने मुलांना अशा शर्यती भरविण्यास साहाय्य केले.

पुढच्याच वर्षी, १४ नोव्हेंबर १९७० रोजी, लाँग बीच शहरातील एका ओसाड जागेवर स्कॉट ब्राइटहॉप्ट या मुलाने शर्यत भरविली. तो स्वतः तेव्हा फक्त १३ वर्षांचा होता! प्रत्येकी पाव डॉलर प्रवेशमूल्य देऊन ३५ मुले त्या शर्यतीत उतरली. पुढच्या शर्यतीला तब्बल १५० मुले आली. स्कॉट मोटारसायकलींच्या शर्यतींत भाग घेत असे. तेथील व्यवस्था त्याने नीट पाहिली होती. नवशिके आणि तरबेज यांना एकत्र पळविणे अन्यायाचे, हे जाणून त्याने कौशल्यानुसार स्पर्धकांचे गट पाडले.

१९७१ साली ‘ऑन एनी संडे’ या चित्रपटाच्या आरंभी सायकलींवरून उड्या घेणारी मुले झळकली. ती पाहून गावोगावची मुले या खेळाकडे वळली. मात्र खेळ वाढला, तशी शिस्तीची गरजही वाढली. १९७४ साली फ्लोरिडा राज्यात जॉर्ज एसर या गृहस्थांनी शर्यती सुव्यवस्थित व्हाव्यात म्हणून एक संघटना स्थापन केली. त्यांचे मुलगेच या शर्यतींत भाग घेत असत. १९७७ साली ॲरिझोना राज्यातही दुसरी संघटना निघाली. १९८१ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९८२ साली अमेरिकेतील डेटन येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. अखेर २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये या खेळास स्थान मिळाले. तेथे पुरुषांत लाटव्हियाचा मारिस स्ट्रॉम्बर्ग्स आणि स्त्रियांत फ्रान्सची ॲन-कॅरोलीन शोसाँ यांनी पहिली सुवर्णपदके पटकाविली.

ही शर्यत चालते तरी कशी? तिचा मार्ग सुमारे ३०० ते ४०० मीटर लांबीचा असतो. त्यावर मातीचे उंचवटे आणि उतरत्या कडांची वळणे बांधलेली असतात. आरंभी एक उंच उतार असतो व त्यावर आडवे फाटक असते. आठ स्पर्धक त्या फाटकाला पुढचे चाक टेकवून उभे राहतात. इशारा होताच फाटक खाली पडते आणि सर्वजण एकाच क्षणी सुटतात. ‘तू आधी निघालास’ हे भांडण तेथे उद्भवतच नाही! अवघ्या पाऊण मिनिटाच्या आत शर्यतीचा निकाल लागतो. पडण्याचा धोका पदोपदी असल्यामुळे प्रत्येकाने शिरस्त्राण घातलेच पाहिजे, असा नियम आहे. वाहनांच्या रहदारीपासून ही शर्यत दूर असते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

नियम आले, की खेळाची मौज जाते, असे आपल्याला वाटते. परंतु लाँग बीचच्या त्या ओसाड जागेवर नियम आले, म्हणूनच नवशिक्या मुलालाही जिंकण्याची आशा वाटू लागली आणि ३५ मुलांची १५० झाली. संध्याकाळी उतारावर जमाल, तेव्हा सायकली सोडण्यापूर्वी घटकाभर थांबा. पंच कोण, रेषा कोठे आणि इशारा कोणता, हे आधी सर्वांनी मिळून ठरवा. मग हरलेला गडीदेखील दुसऱ्या दिवशी खेळायला आनंदाने येईल.