सुतळीचा त्रिकोण

पहाटे 4.45

एप्रिलात भिलाईमध्ये आवाजाचं काम करायचं तर पहाटच गाठावी लागते. पंखा बंद ठेवून तासभर बसता येईल अशी हीच वेळ. दिवसा कूलरशिवाय खोलीत थांबवत नाही, आणि कूलर लावला की त्याच्या घरघरीत मंजिऱ्याची शेवटची किणकिण बुडून जाते. पोलाद कारखान्यात सहाची पाळी धरणाऱ्यांच्या स्कूटर अजून सुरू व्हायच्या आहेत. लांबून फक्त मुंबई-हावडा लाइनवरच्या मालगाडीची धडधड येते.

आज संध्याकाळी सातला दुर्ग जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पंडवानी (गाऊन सांगितलेली महाभारताची कथा) सादर करणाऱ्या बाई त्यांच्या साथीदारांसह येणार आहेत. फेब्रुवारीत त्यांचा एक प्रसंग मी इथेच रेकॉर्ड केला होता. इथे तो नेटका वाटला. त्यांच्या मुलाच्या जीपमध्ये ऐकला तेव्हा ढोलक फुगलेली होती आणि रागीचे शब्द तिच्याखाली दबलेले. रागी म्हणजे गाणाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला हुंकारू देणारा, मध्येच प्रश्न विचारून कथा पुढे ढकलणारा साथीदार. त्याचं बोलणं हरवलं तर पंडवानी अर्धी राहते. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. आज खोली दुरुस्त करायची, मगच गाणं घ्यायचं.

5.15

खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. जुन्या क्वार्टरची: विटांच्या जाड भिंती, वर काँक्रीट. अशा खोलीत खर्जाला बाहेर पडायला वाट नसते. तो समोरासमोरच्या भिंतींत येरझारा घालतो आणि ठराविक सुरांवर साचतो. कोणत्या सुरांवर, हे गणित सोपं आहे: हवेतला आवाजाचा वेग, सेकंदाला सुमारे 348 मीटर, भागिले लांबीची दुप्पट. बारा फुटांना उत्तर येतं 48 हर्ट्झच्या आसपास, दहा फुटांना 57. रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे 57 चा साठा दुहेरी होतो. नवी खोली बांधणाऱ्यांना म्हणूनच सांगतो, तिन्ही मापं वेगळी ठेवा. तिन्ही मापं सारखी असलेली खोली गाण्याला सगळ्यात वाईट.

लॅपटॉपवरून 30 पासून 200 हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर सोडला आणि खोलीभर फिरलो. कोपऱ्यात 48 छातीवर बसतो. पाठ मागच्या भिंतीला टेकवली की तसाच. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र तो जवळजवळ नाहीसा होतो. माझं टेबल दोन वर्षं बरोबर तिथेच होतं. खर्ज ऐकू येईना म्हणून मी तो वाढवत गेलो, आणि जीपमध्ये सगळा जमा झाला. ढोलकवाल्याचा काही दोष नव्हता, आणि स्पीकरचाही नाही.

बहुतेक घरगुती स्टुडिओत नेमकं हेच चुकतं असं माझं ठाम मत आहे. पैसे आधी स्पीकरवर जातात, मग मायक्रोफोनवर, आणि खोलीची पाळी येतच नाही. खरं तर खोली हेच सगळ्यात मोठं वाद्य.

7.00

भाचा आला. "मामा, टेबल पुन्हा हलवायचं?" म्हणत त्याने एक बाजू उचललीसुद्धा.

पहिलं काम, दिशा. स्पीकर आखूड भिंतीला पाठ करून ठेवायचे म्हणजे आवाजाला पूर्ण लांबी मिळते. दुसरं, डावं-उजवं सारखं. एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकांचं कपाट असेल तर गायक मध्यभागी उभा असूनही एका अंगाला झुकलेला ऐकू येतो. कपाट मागच्या भिंतीला नेलं. तिथे पुस्तकांच्या उंचसखल कडांवर आवाज विखुरतो, तो फायदाच.

मग सुतळी. 120 सेंटीमीटरच्या तीन बाजूंचा त्रिकोण: दोन टोकांना दोन स्पीकर, तिसऱ्याला ऐकणाऱ्याचं डोकं. बाजूच्या भिंतींपासून प्रत्येक स्पीकर 92 सेंटीमीटरवर. डोक्याची जागा समोरच्या भिंतीपासून 136 सेंटीमीटरवर आली, म्हणजे लांबीच्या साधारण 37 टक्के. बसायची जागा 38 टक्क्यांच्या आसपास धरावी असा या धंद्यातला ठोकताळा आहे, तिथेच आपोआप पोचलो.

स्पीकर आणि त्यांच्या पाठीमागची भिंत यांच्यात किती जागा सोडायची, यावर भाच्याशी बराच वेळ बोललो. लोक अंदाजाने फूट-दीड फूट सोडतात, आणि लहान खोलीत तेच नडतं. भिंतीवर आपटून परतलेला खर्ज मूळ आवाजाला ठराविक ठिकाणी खोडतो. साठ सेंटीमीटरवर ती खाच 145 हर्ट्झला पडते, नेमकी जिथे पुरुषी आवाजाचा पाया असतो. रागीचा हुंकारू तिथेच पोकळ होतो. भिंतीजवळ सरकवत नेलं की खाच वर वर जाते, आणि वरचे सूर स्पीकर पुढेच फेकतो, मागे फारसे जात नाहीत. म्हणून मी दहाच सेंटीमीटर ठेवले. जवळिकीमुळे खर्ज थोडा वाढतो, त्यासाठी स्पीकरच्या पाठीवर तो कमी करायची कळ आहे. उंची अशी की वरचा छोटा भोंगा बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत यावा. स्टँड सुपेल्यातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाइपचे करून घेतलेत. आत कोरडी वाळू भरलीय, नाहीतर पाइप स्वतःच गुणगुणतो.

9.30

आरसा. मी खुर्चीत बसलो, भाचा बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत गेला. ज्या जागी मला आरशात स्पीकर दिसला तिथे खडूची फुली. आवाज पहिला तिथूनच उसळून कानावर येतो. दोन्ही भिंतींवर आणि डोक्यावरच्या छतावर अशा फुल्या झाल्या. तिथेच आवाज शोषणारे तक्ते लावायचे, बाकीची भिंत उघडी राहू द्यायची.

अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम लावायचा मोह टाळा. ते फक्त वरचे सूर खातात, खर्ज तसाच उरतो, आणि खोली बोथट तरीही घुमणारी होते. गोधडीचंही तसंच. शेजारच्या कुकरची शिट्टीही यातल्या कशाने थांबत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, म्हणजे वीट, जाड दार, बुजवलेल्या फटी. आतला घुमारा शोषायला मात्र जाड, हवा खेळणारा तंतूंचा थर लागतो. ही दोन कामं वेगळी.

11.30

असे थर भिलाईत सहज मिळतात. गरम पाइपांना वेष्टण घालणाऱ्या लॅगिंगवाल्यांकडे रॉकवूलचे तक्ते असतात. अशी लोकर झोतभट्टीच्या स्लॅगपासूनही करतात. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी जिचं उद्घाटन केलं त्या पहिल्या झोतभट्टीपासून या गावाने लोखंड आणि स्लॅग दोन्ही पाहिलंय. चार इंच जाडीचे सहा तक्ते आणले. हातमोजे आणि मास्क घालून लाकडी चौकटीत बसवले, वरून मांजरपाट ताणला. कापडातून फुंकर पलीकडे गेली पाहिजे, तरच आवाज जाईल. दोन तक्ते पुढच्या कोपऱ्यांत तिरपे उभे केले, मागे पोकळी ठेवून. खर्ज कोपऱ्यातच जमतो.

1.30

बासी (रात्री पाण्यात भिजवलेला भात), कांदा, आंब्याचं लोणचं. मग कूलरपुढे आडवा.

3.30

स्पीकरमध्ये बारीक गुणगुण होती, 50 हर्ट्झची. लॅपटॉप एका बोर्डवर, स्पीकर दुसऱ्यावर, अर्थिंगच्या दोन वाटा. सगळं एका बोर्डवर आणलं, गुणगुण गेली.

4.30

ओळखीचं गाणं लावून खोली तपासायची. मी नेहमी 'चंदैनी गोंदा'तली खुमानलाल सावांच्या चालींची गाणी लावतो. 1971 मध्ये दाऊ रामचंद्र देशमुखांनी दुर्गजवळच्या बघेरा गावात ती मंडळी उभी केली. (आडनाव देशमुख असलं तरी घर अस्सल छत्तीसगढी.) जुन्या ध्वनिमुद्रणांत कोरसच्या मागे बासरी असते हे मला माहीत होतं. आज ती कुठे उभी आहे तेही कळलं.

7.10

मंडळी आली. "जय जोहार, दाई." बाई उभ्याने गातात, हातात तंबुरा, कापालिक शैली. हीच शैली घेऊन इथल्या गनियारीच्या तीजनबाई जगभर गेल्या, 2019 मध्ये पद्मविभूषण झाल्या. पोलाद कारखान्यातही त्यांची नोकरी होती. उभी, फिरती, हातवारे करणारी गायिका एका मायक्रोफोनसमोर बांधता येत नाही. बाईंसाठी दीड हातावर एक ठेवला, त्याची बहिरी पाठ ढोलककडे. दुसरा रागीपुढे, फक्त त्याचा. वाद्यांवर दोन. भारतातलं सुरुवातीचं ध्वनिमुद्रण 1902 साली ध्वनिमुद्रक गायस्बर्गने कलकत्त्यात हॉटेलच्या खोलीतच केलं, गायिका गौहर जान तिथेच गायल्या. खोली मोठी नसली तरी चालतं. तिचा स्वभाव ठाऊक हवा.

पंखा बंद. दहा-बारा मिनिटं प्रसंग, मग पंखा, पाणी, पुन्हा पंखा बंद. द्रौपदी वस्त्रहरणाला रागीने "हव भई" म्हणताना आवाज खाली नेला आणि सगळे घामाने भिजलेले असूनही कुणी हललं नाही.

10.00

बाईंना मधल्या खुर्चीत बसवून ऐकवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मोर आवाज अइसने हे का?" (माझा आवाज असा आहे का?) जाताना जीपमध्ये तीच फाइल लावली. ढोलक जागेवर होती, हुंकारू शब्द न् शब्द ऐकू आला.

तुमच्याही घरात, ओळखीत कुणी गाणारं म्हातारं माणूस असेल. नवा स्पीकर घ्यायच्या आधी मेजरिंग टेप आणि सुतळी घ्या, एक रविवार खोलीला द्या, आणि त्यांना या उन्हाळ्यातच बोलवा.