क्लाउडचे अर्थकारण : काटकसर कोठे, खर्च कोठे?

आपल्या घरातील छायाचित्रे, मुलांच्या गुणपत्रिका, बँकेचे हिशेब आणि सरकारी दाखले आज कोठे असतात, असे कोणी विचारले, तर आपण सहज सांगतो, 'क्लाउडवर'. नाव मोठे काव्यमय आहे. परंतु आभाळातील ढगाशी त्याचा काहीएक संबंध नाही. हा क्लाउड जमिनीवरच असतो आणि तोही बहुधा एखाद्या औद्योगिक वसाहतीतील लांबरुंद, खिडक्या नसलेल्या इमारतीत. तिला डेटा सेंटर म्हणतात. तेथे हजारो संगणक लोखंडी मांडण्यांवर रात्रंदिवस चालू असतात. त्यांना वीज लागते, त्यांची उष्णता बाहेर काढावी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी त्यासाठी पाणीही खर्ची पडते. तात्पर्य, हा एक कारखानाच होय. आणि कारखाना म्हटला की त्याचा जमाखर्च पाहणे ओघानेच आले.

वाचकहो, हा जमाखर्च केवळ तज्ज्ञांनी पाहावा असा नाही. आपण नागपूरला असा, इंदूरला असा वा हैदराबादला, या कारखान्यांची वीज आपल्याच वीजवाहिन्यांतून जाते आणि आपली कागदपत्रे त्यांच्याच कोठारात राहतात. म्हणून त्यात काटकसर कोठे होते आणि खर्च कोठे वाढतो, हे समजून घेतलेले बरे.

खोपोलीचा धडा

विषय नवा असला तरी त्यामागील तत्त्व जुनेच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या आपापल्या बाष्पयंत्रांवर चालत. प्रत्येक गिरणीचे स्वतंत्र बॉयलर, स्वतंत्र धुराडे आणि दुरून आणलेल्या कोळशाचा स्वतंत्र ढीग. १९१५ मध्ये खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत्‌केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. गिरणीमालकाला हवी होती ती शक्ती. बॉयलर सांभाळण्याची हौस त्याला नव्हती. ती शक्ती तारेवरून मोजून मिळू लागल्यावर स्वतःचे बॉयलर बाळगण्याचे कारण हळूहळू उरले नाही.

संगणकाच्या बाबतीत हेच स्थित्यंतर २००६ मध्ये ठळकपणे घडले. त्या वर्षी मार्च महिन्यात अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने माहिती साठविण्याची जागा भाड्याने देण्यास प्रारंभ केला. दर होता एका गिगाबाइटला महिन्याकाठी १५ सेंट. ऑगस्टमध्ये तिने संगणकही भाड्याने देऊ केले. त्याचा दर तासाला १० सेंट, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेचार रुपयांच्या आसपास होता. यंत्र विकत घ्यावयास नको, खोली थंड ठेवावयास नको, बिघाड झाल्यास कारागीर शोधावयास नको. वापरावे तेवढे तास मोजून पैसे द्यावे.

या दरपत्रकात एक गंमत दडली होती. एक संगणक हजार तास चालविला काय किंवा हजार संगणक एक तास चालविले काय, भाडे तेच! पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, 'न्यू यॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने तिचा लाभ घेतला. जुन्या अंकांच्या सुमारे चार टेराबाइट प्रतिमांचे वाचनीय पानांत रूपांतर करावयाचे होते. त्यासाठी भाड्याचे १०० संगणक लावले आणि काम चोवीस तासांच्या आत उरकले. तासाला १० सेंट या हिशेबाने हे भाडे २४० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने दहा हजार रुपयांच्याही आत बसते. एवढ्याच कामासाठी शंभर यंत्रे विकत घेण्याचा विचारही कोणी केला नसता.

रिकाम्या यंत्राची भूक

आता कोणी म्हणेल, भाड्याने देणाऱ्याला हे परवडते कसे? त्याचे पहिले कारण असे, की स्वतंत्रपणे बाळगलेला संगणक बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. परीक्षेचा निकाल जाहीर करणाऱ्या मंडळाला वर्षातून दोन दिवस प्रचंड गर्दी असते, कर भरून घेणाऱ्या खात्याला शेवटच्या तारखेला, आणि दुकानदाराला दिवाळीत. प्रत्येकाने आपापल्या गर्दीच्या दिवसाला पुरतील इतकी यंत्रे घेतली, तर एरवी ती नुसती ऊब देत बसणार. बरे, रिकामे यंत्र उपाशीही राहत नाही. गूगलमधील लुईझ बारोसो आणि उर्स होल्झले या अभियंत्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले, की त्या काळचे चांगले सर्व्हरसुद्धा काही काम नसताना पूर्ण कामाच्या निम्म्याइतकी वीज खात असत.

एक लहानसे गणित मांडून पाहू. समजा, दहा कार्यालयांत प्रत्येकी एक यंत्र आहे. ते पूर्ण कामात ३०० वॉट आणि रिकामे असता १५० वॉट घेते. प्रत्येक यंत्रावर क्षमतेच्या केवळ दहा टक्के काम असेल, तर प्रत्येकी १६५ वॉट, म्हणजे दहांचे मिळून १६५० वॉट होतात. तेच सारे काम दोन यंत्रांवर एकत्र केले, तर ती निम्म्या क्षमतेने चालतील आणि दोहोंचे मिळून ४५० वॉट पुरतील. काम तेच, वीज मात्र पावपटीहून थोडी अधिक.

हे एकत्रीकरण साधते ते आभासी संगणकामुळे. चाळीत जसा जिना एक, पाण्याची टाकी एक, पण बिऱ्हाडे निरनिराळी, तसे एकाच यंत्रात अनेक ग्राहकांचे 'संगणक' स्वतंत्र बिऱ्हाड करून राहतात. साऱ्यांची गर्दीची वेळ एक नसते. यामुळे एकाची रिकामी घटका दुसऱ्याच्या उपयोगी पडते. क्लाउडच्या काटकसरीचे मर्म मुख्यतः यातच आहे.

दुसरे कारण इमारतीचे. संगणकाला दिलेल्या विजेव्यतिरिक्त थंडाव्यासाठी आणि वीजपुरवठ्यातील गळतीपायी आणखी वीज जाते. इमारतीच्या एकूण विजेला संगणकांपर्यंत पोहोचलेल्या विजेने भागले, की जो आकडा येतो, त्याला 'पीयूई' म्हणतात. हा आकडा २ असेल, तर संगणकाच्या प्रत्येक युनिटामागे आणखी एक युनिट बाहेरच खर्च झाले असे समजावे. गूगलने आपल्या मोठ्या केंद्रांची सरासरी १.१ च्या जवळपास आणली आहे. जगातील केंद्रांच्या पाहण्यांत मात्र ती अलीकडे दीडच्या थोडी वरच आढळते. आपल्या उदाहरणात कार्यालयातील खोलीचा आकडा २ आणि मोठ्या केंद्राचा १.१ धरला, तर एकीकडे ३३०० वॉट आणि दुसरीकडे ४९५ वॉट, म्हणजे जवळजवळ एकसप्तमांश, असा ताळा येतो.

तिसरे कारण जागेचे. मोठ्या कंपनीला स्वस्त वीज आणि थंड हवा असेल तेथे जाता येते. गूगलने २००६ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात कोलंबिया नदीकाठच्या द डॅलेस गावी केंद्र उभारले. तेथे जलविद्युत् मुबलक आहे. फिनलंडमधील हामिना येथे तिने २००९ मध्ये एक बंद पडलेली कागदगिरणी विकत घेतली आणि समुद्राच्या गार पाण्यावर आपली यंत्रे निववण्याची सोय केली.

लग्नाची भांडी आणि रोजचा तवा

तथापि 'भाड्याचे तेच स्वस्त' असा सरसकट निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. लग्नकार्याची मोठी पातेली आपण भाड्याने आणतो. रोजचा तवा कोणी भाड्याने आणत नाही. ज्याची गरज कमीअधिक होते त्याने भाड्याने घ्यावे, आणि ज्याची गरज बाराही महिने सारखी व मोठी आहे त्याने स्वतःचे करावे, हा संसारातील नियम येथेही लागू पडतो. ड्रॉपबॉक्स या कंपनीने आपल्या ग्राहकांचा पुष्कळसा साठा ॲमेझॉनच्या भाड्याच्या जागेतून स्वतःच्या यंत्रांवर हलविला. खर्चाच्या या फेरआखणीतून दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचे तिने २०१८ च्या आपल्या कागदपत्रांत नमूद केले.

याउलट, अचानक येणाऱ्या गर्दीचे उदाहरण आपल्या देशातीलच घ्या. २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविड लसीची नोंदणी खुली झाली आणि एका दिवसात कोविन व्यवस्थेवर एक कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला एका दिवसात सुमारे अडीच कोटी मात्रा टोचल्या गेल्या आणि त्यांची नोंद झाली. असा लोंढा रोज येत नाही. त्याच्यासाठी कायमची यंत्रे मांडून ठेवणे म्हणजे वर्षभर लग्नाचा मांडव उभा ठेवण्यासारखेच. भारत सरकारनेही आपल्या खात्यांनी सामायिक यंत्रणा वापरावी, या हेतूने २०१४ मध्ये 'मेघराज' नावाचा राष्ट्रीय क्लाउड सुरू केला.

वाचले ते गेले कोठे?

येथवरचा हिशेब समाधानकारक वाटेल. आणि काही वर्षे तो तसा होताही. एरिक मॅसनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटरांतील संगणनाचे काम सुमारे साडेसहापट झाले, पण त्यांची वीज अवघी सहा टक्क्यांनी वाढली. एवढी काटकसर फारच थोड्या उद्योगांना साधली असेल.

परंतु काटकसरीने स्वस्त झालेली वस्तू अधिक खपते, हेही विसरता येत नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच बजावले होते, की बाष्पयंत्र कोळसा कमी खाऊ लागले म्हणून देशाचा कोळसा उरणार नाही. उलट यंत्रेच इतकी वाढतील, की कोळसा अधिक लागेल. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी लागणारी यंत्रे हाच अनुभव देत आहेत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. ती जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का होय. २०३० पर्यंत हा आकडा ९४,५०० कोटींच्या घरात जाईल, असे ती संस्था म्हणते. जागतिक सरासरीमागे स्थानिक ताण झाकला जातो, तो निराळाच. आयर्लंडसारख्या लहान देशात २०१५ मध्ये मोजून दिलेल्या विजेपैकी पाच टक्के वीज या केंद्रांना लागे. २०२३ मध्ये ती २१ टक्क्यांवर गेली.

आपल्याकडे नवी मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि नोएडा येथे अशी केंद्रे झपाट्याने उभी राहात आहेत, आणि गूगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत १५०० कोटी डॉलर गुंतविण्याचे जाहीर केले आहे. भारतात निम्म्याहून अधिक वीज अजून कोळशापासून होते, आणि उन्हाळ्यात अनेक शहरांत पाणी टँकरने येते. पीयूईच्या आकड्यात पाण्याचा हिशेब येत नाही. उष्णता घालविण्यासाठी पाण्याचे बाष्पीभवन केले, तर विजेचा आकडा सुधारतो आणि पाण्याचा बिघडतो. म्हणून आपल्या परिसरात असे केंद्र येणार असेल, तर त्याचे स्वागत करताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. वीज किती आणि कोणत्या स्रोतातून घेणार? पाणी किती, आणि ते पिण्याचे की शुद्ध केलेले सांडपाणी? नव्या वीजवाहिन्यांचा खर्च कोण सोसणार? हे आकडे जाहीर झाले तरच मोठेपणाची काटकसर समाजाच्या पदरात पडते. एरवी ती कंपनीच्या ताळेबंदात राहते आणि खर्च तेवढा गावाच्या वाट्याला येतो.

एकत्रीकरणाचा आणखी एक धोका घरच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सारे एका कोठारात ठेवले, की कोठाराला लागलेली आग साऱ्यांची होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला बॅटरींमुळे आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा एक मोठा साठा असा होता, की त्याची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती. तो जळून गेला. दुसऱ्या प्रतीला जागा लागते, यंत्रे लागतात. हिशेबाच्या वहीत ती उधळपट्टी दिसते. पण जी काटकसर दुसरी प्रतच गाळून टाकते, ती काटकसर नव्हेच.

यास्तव जमिनीचे कागद, मुलांची प्रमाणपत्रे आणि ज्यांची पुन्हा प्रत मिळणार नाही अशी छायाचित्रे यांची एक प्रत घरातील हार्ड डिस्कवर, आणि शक्य तर एक प्रत परगावच्या नातलगाकडे ठेवावी. आपल्या आजीने वर्षाचे धान्य कणगीत भरताना बियाण्याचे चार पायली वेगळे काढून ठेवले, ते कणगीवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे; पुढच्या वर्षीही पेरणी व्हावयास हवी होती म्हणून.