गळीत धान्य आणि गळीत हंगाम

मराठीत ‘गळीत’ हा शब्द दोन ठिकाणी येतो. करडई, जवस, तीळ, भुईमूग ही गळिताची धान्ये. आणि साखर कारखान्यात मोळी पडली की सुरू होतो तो गळीत हंगाम. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात या दोन गळितांची एकाच महिन्यात गाठ पडते. त्या गाठीत गावचे तेल हरवले, असे माझे मत आहे.

धारूर बालाघाटाच्या कडेवर आहे. तेलगावहून अरुंद, वळणावळणाचा घाट चढून वर यावे लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव किल्ल्यामुळे ठाऊक असते, नाहीतर डोंगरातल्या सीताफळांमुळे. वर मुरमाड, हलकी जमीन. घाट उतरले की काळी. पावसाचा भरवसा दोन्हीकडे नाही. अशा मुलखात करडईसारखे समजूतदार पीक दुसरे नाही. तिचे सोटमूळ सरळ खाली जाते, दीड-दोन मीटरपर्यंत आणि कधी त्याहून खोल. वरची माती भेगाळली तरी खालची ओल ते शोधते. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात पेरली की परतीच्या पावसावर आणि थंडीवर निभावते. कोवळी असताना तिची भाजी होते. लसणाची फोडणी दिलेली ही पालेभाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर मराठवाड्यात घरोघर खाल्ली जाते. मोठी झाली की पानांना आणि बोंडांना काटे येतात. मग जनावर तोंड लावत नाही. म्हणूनच ज्वारीच्या रानाला कडेने करडई पेरायची रीत होती. कुंपणही झाले, वर्षाचे तेलही निघाले.

तेल काढायचा घाणा लाकडाचा. बांधावरची जुनी बाभूळ किंवा चिंच निवडायची, तिचा बुंधा जमिनीत रोवायचा, वरच्या तोंडाला खोल खळगा कोरायचा. त्यात तिरकी उभी राहते ती लाट. लाटेला आडवे लाकूड जोडलेले, त्यावर दगडांचे वजन आणि पुढे बैल, डोळ्यांना झापड बांधलेला. एका वेळी दहा-पंधरा किलो बी पडते. बैल फिरू लागला की आधी नुसते चिरडल्याचा आवाज येतो. मग तेली ओंजळभर पाणी शिंपडतो, बी एकमेकांना चिकटायला लागते, आवाज जड होतो आणि खळग्याच्या कडेने पेंडीचा थर चढतो. त्यातून तेल पाझरते. लाकडावर लाकूड सावकाश फिरते, त्यामुळे तेल फारसे तापत नाही आणि बियांचा वास त्यात टिकतो. घासून लाटेचे टोक झिजते, खळगाही रुंदावतो. मग सुतार झिजलेली जागा नव्या लाकडाने भरून देतो. रान, बांधावरचे झाड, सुतार, तेली आणि पेंड खाणारी म्हैस ही सगळी साखळी एका शिवारात पुरी व्हायची.

आपल्या भाषेतही घाणा खोलवर रुतला आहे. दिवाळीत चकलीचा पहिला घाणा कढईतून निघतो. लग्नाआधी मुसळे बांधून हळकुंडे कांडतात, त्या विधीला घाणा भरणे म्हणतात. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे चाकणचे तेलीच. कोकणातले बेने इस्राएल हे ज्यू लोक पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत असत. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. तेल गाळणारा माणूस गावाला इतका जवळचा होता की त्याच्या सुटीचा वारसुद्धा त्याचे नाव होऊन बसला.

घाणा मागास म्हणून आपोआप मोडला, असे सांगितले जाते. ते पुरते खरे नाही. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. तिथे झवेरभाई पटेल यांनी घाण्याचा आकार आणि लाटेचा कोन यांवर चिकाटीने प्रयोग केले आणि सुधारलेली ‘वर्धा घाणी’ तयार केली. एका घाण्यात जास्त बी मावू लागले, तेलाचा उतारा वाढला. कमतरता होतीच. घाण्याच्या पेंडीत १०-१२ टक्के तेल राहून जाते. सॉल्व्हंटच्या कारखान्यात १ टक्क्याहूनही कमी राहते. पण ते राहिलेले तेल उकिरड्यावर जात नव्हते, पेंडीतून म्हशीच्या पोटात जात होते, हा हिशेब कारखान्याच्या ताळेबंदात येत नाही.

पुढे सोयाबीन आले. आज मराठवाड्याच्या खरिपात त्याचेच राज्य आहे. म्हणजे तेलबियांचा मुलूख ही आपली ओळख कागदावर शाबूत आहे. पण सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८-२० टक्के. ते घाण्यात घालून परवडत नाही, त्याला मोठा कारखाना आणि हेक्झेनसारखे सॉल्व्हंट लागते. करडईत २८-३० टक्के तेल असते आणि ते लाकूडसुद्धा काढू शकते. त्यामुळे सोयाबीन पोत्यात भरून मोंढ्यावर जाते आणि तेल पिशवीत भरून दुकानातून परत येते. मधली मजुरी, पेंड आणि नफा गावाबाहेर राहतो.

आता काट्याकडे येऊ. करडई काढायला येते फेब्रुवारी-मार्चात. ऊन चढले की काटे कडक होतात आणि वाळलेली बोंडे फुटून बी सांडते. म्हणून पहाटे दव असताना रानात उतरायचे, हातांना फडकी गुंडाळायची, विळ्याने कापून ढीग लावायचे, वाळल्यावर काठीने बडवायचे. तरी बोटांत काटा मोडतोच. एकट्यादुकट्याचे हे काम नाही, पाच-सहा धडधाकट माणसे लागतात.

ती माणसे तेव्हा धारूरमध्ये नसतात. बीड जिल्ह्यातल्या ज्या प्रमुख तालुक्यांतून मजूर ऊसतोडीला जातात, त्यांपैकी हा एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडांवर पाच-सहा महिने निघतात. हंगाम संपून गाडी परत फिरेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे करडई पेरायला गावात माणसे असतात, काढायला नसतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे, ज्यांच्या हातांना हा काटा झेपत नाही. घरचा माणूस घरच्या रानात नसला की रोजगारी लावावा लागतो, आणि काट्याच्या कामाला तो सहज मिळत नाही. मग हरभरा पेरलेला बरा, असे घरोघर ठरते. करडई कमी होण्याची कारणे आणखीही आहेत. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि स्वस्त तेल खेड्यातल्या दुकानापर्यंत पोचले. पण धारूरच्या डोंगरपट्ट्यात उसाचा कोयता आणि करडईचा विळा यांची तारीख एक आली, हे मला सगळ्यांत मोठे कारण वाटते.

यावर उपाय शोधणारे लोक आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांची ‘नारी-६’ ही जात दिली. तिच्या पाकळ्याही हाताला न टोचता वेचता येतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले. करडई आता कंबाइन यंत्रानेही काढता येते. मात्र बिनकाट्याच्या करडईला शेळ्या सोडत नाहीत, तिची राखण करावी लागते, आणि राखणीलाही माणूसच हवा. डोंगरातल्या लहान, तिरप्या तुकड्यांवर कंबाइन फिरणे अवघड. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्यातला पैसा बियाण्याबरोबर अशा तुकड्यांवर चालणाऱ्या लहान यंत्रांना मिळाला, तर धारूरला त्याचा खरा उपयोग होईल.

बांधावरच्या झाडाचेही करडईसारखेच झाले. ट्रॅक्टर आला, बैलगाडी आणि लाकडी तिफण गेली, घाणा आधीच गेला होता. बाभळीला सुताराकडून मागणी उरली नाही. जी बाभूळ पन्नास वर्षे घाण्यात राबली असती, ती वजनावर जळतणाला जाते. शहरांत मात्र ‘लाकडी घाण्याचे तेल’ अशी पाटी लावलेली दुकाने वाढली आहेत. तिथला घाणा विजेवर फिरतो, तेल चांगले असते आणि पिशवीतल्या तेलापेक्षा बरेच महाग.

भारत आज आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो आणि त्यात पामतेल सर्वांत जास्त. ते येते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर आधी जंगलातले लाकूड विकले गेले, मग मोकळ्या झालेल्या जमिनीवर पामच्या रांगा लागल्या. तिथेही तेल आणि लाकूड शेजारीच आहेत. फक्त तिथे झाड पाडून तेल आले, इथे झाडाच्या पोटातून तेल निघत होते.

फेब्रुवारीतल्या एखाद्या संध्याकाळी उसाच्या फडाजवळच्या कोपीत धारूरकडची बाई चूल पेटवते. पहाटेपासून मोळ्या बांधून हात पाचटाने कापलेले असतात. ती तेलाच्या पिशवीचा कोपरा दाताने तोडते आणि तव्यावर धार सोडते. त्या तेलाला कसलाच वास नसतो.