अँसेस्ट्री व्हिसा: फी मोठी दिली म्हणून हक्क मिळत नाही

‘अँसेस्ट्री व्हिसा काढायचा तर वकील चांगला गाठा. फी भक्कम घेईल, पण काम करून देईल.’ बेंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या मराठी मंडळींकडून हे वाक्य सतत कानावर येते. कोणाचे आजोबा ब्रिटिशांच्या फौजेत सुभेदार होते, कोणाची आजी बेंगळुरूच्या कॅन्टोन्मेंटमध्ये जन्मली, कोणाच्या घरात जुना ब्रिटिश इंडियन पासपोर्ट सापडला. एवढ्यावर एखादा सल्लागार ‘केस होऊ शकते’ म्हणतो आणि आगाऊ रक्कम घेतो. गृहकर्जाच्या व्याजातला पाव टक्का तपासणारी माणसे इथे मात्र एकही प्रश्न न विचारता पैसे देतात. हा कष्टाचा पैसा आहे आणि तो अज्ञानापोटी जातो आहे, म्हणून हा विषय मुळापासून मांडायला हवा.

आधी नियम पाहू. ब्रिटनचा हा व्हिसा राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांसाठी आहे. अर्जदार किमान १७ वर्षांचा हवा, ब्रिटनमध्ये काम करण्याची त्याची क्षमता आणि इरादा हवा, आणि त्याच्या आजी-आजोबांपैकी किमान एकाचा जन्म ब्रिटन, चॅनल बेटे किंवा आइल ऑफ मॅन येथे झालेला हवा. आज आयर्लंडचे प्रजासत्ताक असलेल्या भूमीवर ३१ मार्च १९२२ पूर्वी किंवा ब्रिटिश नोंदणीच्या जहाजावर वा विमानात जन्म झाला असेल, तरी चालते. यादी इथे संपते. ब्रिटिश इमिग्रेशन नियमांमधील ‘अपेंडिक्स यूके अँसेस्ट्री’ या भागात हे सगळे लिहिलेले आहे. तो कोणालाही फुकट वाचता येतो.

इथे एकच प्रश्न महत्त्वाचा आहे: जन्म कुठल्या भूमीवर झाला? त्या भूमीवर राज्य कोणाचे होते, हे कोणी विचारत नाही. १९४७ पूर्वी पुण्यात किंवा बेळगावात जन्मलेला माणूस ब्रिटिश प्रजाजन होता, तर कोल्हापूर, सांगली किंवा म्हैसूर संस्थानातला माणूस ‘ब्रिटिश संरक्षित’ गणला जाई. या व्हिसासाठी दोघेही सारखेच अपात्र. बेंगळुरूचे सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन ब्रिटिश कारभाराखाली होते आणि २६ जुलै १९४७ रोजी ते म्हैसूरला परत मिळाले. पण तिथे जन्मलेली आजी ‘ब्रिटनमध्ये जन्मलेली’ ठरत नाही. मराठा किंवा महार रेजिमेंटमधल्या नोकरीने, महायुद्धातल्या पदकानेही ती अट पूर्ण होत नाही. गोरख्यांचा दाखला कोणी देतो. पण गोरख्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक होऊ देणारी योजना वेगळी आहे आणि ती ब्रिटनच्या स्वतःच्या सैन्यातील गोरखा ब्रिगेडमधून निवृत्त झालेल्यांसाठी आहे. भारतीय सैन्याशी तिचा संबंध नाही.

ही अट कुठून आली, तेही समजून घ्यावे. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यानंतरही राष्ट्रकुलातला कोणताही नागरिक ब्रिटनमध्ये जाऊन राहू शकत होता. १९६२ च्या कायद्याने त्यावर बंधने आणली, १९६८ च्या कायद्याने ती आवळली आणि १९७१ चा इमिग्रेशन कायदा १ जानेवारी १९७३ पासून लागू झाला. या काळात ज्यांची मुळे ब्रिटनच्या भूमीत आहेत, त्यांच्यासाठी ही वाट राखून ठेवली गेली. वसाहतींमधल्या प्रजेचे ऋण फेडण्यासाठी ती केलेली नाही. हे एकदा लक्षात आले की आजोबांच्या सुभेदारीचा युक्तिवाद कोणताही वकील जिंकून देऊ शकत नाही, हेही लक्षात येते.

आता खर्चाकडे येऊ, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. लोकांना वाटते, वकिलाची फी हाच मुख्य खर्च आणि बाकी किरकोळ. वस्तुस्थिती उलटी आहे. एप्रिल २०२५ च्या दराने अर्जाची फी ६८२ पाउंड होती. त्याशिवाय ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड आहे. व्हिसा ५ वर्षांचा असतो आणि अधिभार पाचही वर्षांचा एकदम, अर्ज करतानाच द्यावा लागतो: ५,१७५ पाउंड. म्हणजे या दराने एका माणसाचे ५,८५७ पाउंड थेट ब्रिटिश सरकारकडे जातात. पाउंडला ११५ रुपये धरले तर हे ६ लाख ७३ हजारांच्या पुढे जाते. यात वकिलाचा एक रुपयाही नाही.

कुटुंब बरोबर न्यायचे असेल तर हिशेब आणखी वाढतो. पती किंवा पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले अवलंबित म्हणून अर्ज करू शकतात, पण प्रत्येकाची फी आणि अधिभार वेगळा. मुलांसाठी अधिभार वर्षाला ७७६ पाउंड. नवरा, बायको आणि दोन मुले यांचा ५ वर्षांचा नुसता अधिभार १८,११० पाउंड होतो, म्हणजे २० लाख रुपयांच्या वर. ज्या सल्लागाराने फक्त स्वतःची फी सांगितली आणि हा आकडा सांगितला नाही, त्याने तुम्हाला अर्धवट माहिती दिली आहे.

अर्ज फेटाळला गेला तर काय होते? अधिभार परत मिळतो. अर्जाची फी मिळत नाही; ती परत हवी असेल तर बोटांचे ठसे आणि फोटो देण्याआधीच अर्ज मागे घ्यावा लागतो. वकिलाची किंवा सल्लागाराची फी तुमच्या आणि त्याच्या करारावर अवलंबून असते, आणि बहुतेक वेळा असा करार लेखी नसतोच. म्हणून पहिली रक्कम देण्यापूर्वी फी कोणत्या कामाची, सरकारी फी त्यात धरली आहे का आणि नकार आला तर काय, हे तीन मुद्दे लिहून घ्या. लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याला पैसे देऊ नका.

वकील लागतोच का? नाही. अर्ज ऑनलाइन असतो आणि अर्जदार तो स्वतः भरू शकतो. वकील असला म्हणून अर्जाला वेगळी रांग नाही, वेगळा अधिकारी नाही. बेंगळुरूतले व्हिसा अर्ज केंद्र कागद आणि ठसे घेते. निर्णय ब्रिटनचे गृहखाते घेते. केंद्रावर मिळणाऱ्या जादा सुविधा ऐच्छिक असतात आणि त्यांनी निकाल बदलत नाही. ‘आत ओळख आहे’ असे कोणी सांगत असेल, तर तो खोटे बोलतो आहे, एवढे निश्चित समजा.

हा अर्ज उभा राहतो तो कागदांच्या साखळीवर. तुमचा संपूर्ण जन्मदाखला, ज्या पालकाकडून नाते सांगता त्याचा जन्मदाखला, आणि त्या आजीचा किंवा आजोबांचा ब्रिटनमधला जन्मदाखला. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाहाचे दाखले. साखळीतली शेवटची कडी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत स्वस्त आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून. इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत साडेबारा पाउंडांत मिळते. जवळपास दीड हजार रुपये. मारतहळ्ळीत घरी बसून ती मागवता येते. हा कागद मिळाला तर पुढचा विचार करा. मिळाला नाही, तर कोणत्याही वकिलाला कितीही पैसे देऊन तो जन्म ब्रिटनमध्ये घडवता येणार नाही. आणि बनावट दाखला जोडला तर फसवणुकीबद्दल १० वर्षांची बंदी येऊ शकते.

मग वकिलाचा उपयोग कधी? दत्तकविधान असेल, नावांत मोठी तफावत असेल, भारतातला मधला दाखला हरवला असेल किंवा आधी नकार आला असेल तेव्हा. अनेकांच्या आईवडिलांचा जन्म १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याआधीचा असतो आणि हाती फक्त चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला असतो. मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतील चर्चनोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदपत्रांत आहेत. अशा वेळी जाणकाराला दिलेले पैसे योग्य ठरतात. ब्रिटनमधला सल्लागार निवडलात तर तो सॉलिसिटर किंवा बॅरिस्टर आहे का, नाहीतर तिथल्या इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे त्याची नोंद आहे का, हे तपासा. अशा नोंदणीकृत सल्लागारांची यादी सर्वांसाठी खुली आहे.

आपल्या शेजारीच या विषयाचे खरे उदाहरण आहे. मारतहळ्ळीहून पूर्वेला गेले की व्हाइटफील्ड लागते. अँग्लो-इंडियन लोकांची वसाहत म्हणून ते १८८२ मध्ये वसले आणि म्हैसूरच्या महाराजांनी त्यासाठी जमीन दिली. त्या समाजाच्या प्रत्येकाला हा व्हिसा मिळतो, असा समज आहे. तोही चुकीचा. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६६ मधली अँग्लो-इंडियनची व्याख्या पुरुषवंशातल्या कोणत्याही युरोपीय पूर्वजावर आधारलेली आहे, तो पूर्वज कितीही पिढ्या मागचा असो. ब्रिटनचा नियम फक्त आजी-आजोबांपर्यंत जातो, पण त्यात आईकडचे आणि वडिलांकडचे सारखेच धरले जातात. लोणावळा, इगतपुरी, भुसावळच्या रेल्वे वसाहतींतल्या कुटुंबांनाही हेच लागू आहे. मूळ इंग्रज पूर्वज १८५० मध्ये आला असेल, तर आजच्या पिढीला त्याचा उपयोग नाही.

मराठी घरांत एक वेगळीच शक्यता असते आणि ती कोणी सांगत नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत अनेक मराठी डॉक्टर ब्रिटनच्या इस्पितळांत होते. काहींना तिथे मुले झाली आणि ती कुटुंबे परत आली. तुमच्या आईचा किंवा वडिलांचा जन्म १९८३ पूर्वी ब्रिटनमध्ये झाला असेल, तर अँसेस्ट्री व्हिसा हा तुमचा प्रश्नच नसू शकतो. अशा पालकाला सहसा जन्मानेच ब्रिटिश नागरिकत्व मिळालेले असते आणि १९८३ नंतर भारतात जन्मलेले त्याचे अपत्यही वंशाने ब्रिटिश नागरिक असू शकते. त्याला व्हिसासाठी सहा-सात लाख भरायला लावणे हा अन्याय आहे. पण ब्रिटिश पासपोर्ट मागण्यापूर्वी भारतीय नागरिकत्वावर होणारा परिणाम तपासावाच लागतो. वकिलाचा सल्ला घ्यायचा, तर तो इथे घ्या.

आता बाकीचे समज थोडक्यात.

पणजोबा ब्रिटनमध्ये जन्मले तरी चालते: चालत नाही.

डीएनए चाचणीत ‘ब्रिटिश’ अंश निघाला की हक्क मिळतो: चाचणी जन्मस्थळ सांगत नाही, म्हणून इथे तिचा उपयोग नाही.

नोकरीचे पत्र हवेच: नको. काम शोधण्याचा खरा इरादा आणि तयारी दाखवावी लागते.

बँकेत ठरावीक इतके लाख हवेत: नियमात ठरावीक रक्कम नाही, सरकारी मदतीशिवाय राहू शकाल हे पटवावे लागते.

प्रत्येक कागदाला नोटरी आणि अपॉस्टिल लागते: या व्हिसाला सरसकट लागत नाही. मराठी किंवा कन्नड दाखल्याचे इंग्रजी भाषांतर मात्र प्रमाणित हवे.

क्षयरोगाची चाचणी कुठेही करा: भारतातून जाणाऱ्याला ती ब्रिटनने मान्य केलेल्या दवाखान्यातच करावी लागते आणि दाखला ६ महिने चालतो.

व्हिसा मिळाला म्हणजे नागरिकत्व मिळाले: ५ वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो आणि त्याची फी वेगळी; एप्रिल २०२५ च्या दराने ती ३,०२९ पाउंड होती. नागरिकत्व त्याच्याही पुढे. ते स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते.

गोव्याच्या मित्राचे झाले, मग माझेही होईल: पोर्तुगालचा मार्ग पूर्ण वेगळा आहे. तो व्हिसाचा मार्ग नसून नागरिकत्वाचा आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, त्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचा कायदा ही संधी देतो. त्यासाठी लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्म आणि विवाह नोंदवावे लागतात. पेडणे, डिचोलीच्या मराठी घरांनाही तो खुला आहे, पण त्याची किंमत भारतीय पासपोर्टने मोजावी लागते.

पैसे खर्च करण्याचा क्रम सरळ आहे. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, मग साडेबारा पाउंडांचा जन्मदाखला मागवा, मग सरकारी फी आणि अधिभार झेपेल का ते पाहा, आणि त्यानंतरच गरज असेल तर वकील. दाखला हाती येईपर्यंत कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका. सरकारी दर बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या दिवशीचा आकडा ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच पाहा, सल्लागाराच्या माहितीपत्रकात पाहू नका.